वर्धापन दिनाची तयारी, गेटपासून आतपर्यंत

प्रायोगिक नाटकाच्या संस्थेचा वर्धापन दिन म्हटलं की पहिल्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न येतो, प्रमुख पाहुणे कोण? घोळ इथूनच सुरू होतो. पाहुणे ठरले की त्यांची वेळ, त्यांची गाडी, शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, मग त्यांच्या शेजारी कोण बसणार आणि बसवलं नाही म्हणून कोण रुसणार, आणि हे सगळं निस्तरेपर्यंत जो माणूस वर्षानुवर्षं पदरचे पैसे घालून, पार्किंग शोधत, अर्धी कळलेली अर्धी न कळलेली नाटकं बघायला येतोय त्याच्या वाट्याला काय तर एक सामोसा. म्हणून ही यादी लिहिताना मी पाहुण्यांना गाळलंय, जमलं तर तुम्हीही गाळूनच टाका. स्टेजपासून बाहेर नाही, गेटपासून आत असं मोजत जायचं.

आधी तारीख. ५ नोव्हेंबर मोहात पाडतो, मराठी रंगभूमी दिन, १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीता स्वयंवर केलं त्याची आठवण वगैरे, आणि दुसरा मोह २७ मार्चचा, जागतिक रंगभूमी दिन. दोन्ही टाळा. त्या दिवशी गावातल्या प्रत्येक संस्थेचं काहीतरी असतं आणि प्रायोगिकचा प्रेक्षक सगळ्यांचा मिळून एकच असतो, तो तरी किती ठिकाणी जाणार? शिवाय नोव्हेंबरात राज्य नाट्य स्पर्धेची धावपळ, निम्मी पोरं तिकडे. संस्थेची खरी तारीख आडवारी आली तर सरळ जवळच्या शनिवार-रविवारी ढकला, कोणी पंचांग घेऊन तपासायला येत नाही. फक्त मोठं थिएटर हवं असेल तर महापालिकेच्या नाट्यगृहांच्या तारखा आगाऊ वाटल्या जातात आणि शनिवार-रविवारचे स्लॉट व्यावसायिक नाटकवाले आधी घेतात, हे डोक्यात ठेवून अर्ज वेळेत टाका. आणि आपल्या नटांपैकी कोण सध्या मालिकेत आहे ते विचारून ठेवा, शूटिंगचं शेड्युल आदल्या रात्री कळतं आणि मग रडारड होते.

पण मोठं थिएटर हवंच कशाला? आपली नाटकं जिथे वाढली तिथेच बोलवा ना लोकांना. आविष्कार या नाट्यसंस्थेने १९७४ पासून दादरला छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग केले, तो काही नाटकासाठी बांधलेला हॉल नव्हता, आणि त्यांनी तो आपल्यापुरता न ठेवता इतर संस्थांनाही उघडा केला म्हणून तर आज प्रायोगिक नाटकाच्या चळवळीचं नावच छबिलदास पडलंय. पुण्यात सुदर्शन रंगमंच आहे, हिराबागेत श्रीराम लागू रंग-अवकाश आहे, एरंडवण्यात द बॉक्स आहे, मुंबईत प्रभादेवीला रवींद्र नाट्य मंदिराचं मिनी थिएटर आहे. छोटी जागा भरलेली दिसते, मोठ्या जागेत तेवढीच माणसं पांगलेली दिसतात, आणि वर्धापन दिनाला रिकाम्या खुर्च्यांचे फोटो कोणाला हवेत.

शाळेचा किंवा एखाद्या संस्थेचा हॉल घेत असाल तर वीज नीट बघा, इथे मी जरा थांबतो कारण नेमकं हेच लोक गृहीत धरतात. जुने हजार वॅटचे बारा लाइट टांगले तर झाले बारा किलोवॅट, २३० व्होल्टला ते ५० अँपिअरच्या वर जातात, आणि वर्गातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर साडेतीन किलोवॅट पण जेमतेम चालतात. म्हणजे तीन लाइट लावून चौथा लावला की शाळेच्या मुख्याध्यापकांचं ऑफिससुद्धा अंधारात. त्यामुळे शाळेच्या वायरमनला आधी भेटा, मेन बोर्डावरून वेगळी लाइन मिळते का विचारा, नाहीतर एलईडीचे पार लाइट मागवा, ते खूप कमी वीज खातात, रंग जरा थंड येतो पण एका संध्याकाळसाठी चालून जातं. लाइटवाल्याला जागा फोटोत दाखवून भागत नाही, त्याला प्रत्यक्ष घेऊन जा, चहा पाजा, टांगायला पाइप आहे का, शिडी कोणाची, किल्ली कोणाकडे, हे त्याच्या तोंडून निघू दे. आणि उघड्या अंगणात करताय तर रात्री १०ला स्पीकर बंद म्हणजे बंद. बंदिस्त हॉलला ती अडचण नाही, अंगणाला आहे, त्यामुळे शेवटचा भाग बिनमाइकचा ठेवला तर घड्याळाकडे बघत बसावं लागत नाही.

आता कागद. जे काही सादर करणार, जुन्या नाटकाचा एखादा प्रवेश असो नाहीतर नवी एकांकिका, त्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉर बोर्डाचं, सर्टिफिकेट आहे ना ते काढून बघा, जुन्याचं असेल तर फाइलीत कुठेतरी असतं, नव्याचं असेल तर वेळ धरून अर्ज करा. लेखकाची परवानगी लेखी घ्या, लेखक गेले असतील तर वारसांची, लेखक गेल्यानंतर ६० वर्षं हक्क राहतो. 'अहो ते आपल्या घरचेच होते' हे चालत नाही, घरच्यांनाच जास्त वाईट वाटतं. रेकॉर्डेड गाणी वाजवणार असाल तर त्याचं लायसन्स वेगळं, त्यापेक्षा आपल्यातलाच कोणी पेटी घेऊन बसला तर स्वस्त आणि बरंही.

तिकीट ठेवा. मी याबाबत हट्टी आहे. फुकट पास घेतलेला माणूस दोन थेंब पडले की घरी बसतो, शंभर रुपये दिलेला छत्री घेऊन येतो. नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही, तेवढ्यात बसवा आणि विद्यार्थ्यांना अर्ध्यात द्या. दारावर क्यूआर कोड लावाच पण तळघरातल्या हॉलमध्ये नेटवर्क मरतं, म्हणून डब्यात सुट्टे पैसे आणि पावतीपुस्तक पाहिजेच. दारावर बसवायला संस्थेतला सगळ्यात हसरा माणूस निवडा, सगळ्यात नवखा नको. नेहमी उलटं होतं, ज्याला कामच नाही त्याला गेटवर टाकतात आणि तो वीस वर्षं येणाऱ्या बाईंना विचारतो, तुम्ही कोण.

या बाई आणि त्यांच्यासारखी माणसं शोधून बोलावणं हे या सगळ्यातलं मोठं काम. साठच्या दशकात रंगायन ही नाट्यसंस्था सभासद करून प्रयोग करायची, म्हणजे प्रेक्षकाचं नाव-पत्ता संस्थेकडे असायचा, आणि पोस्टकार्डावर प्रयोग कळवणाऱ्या संस्था तर बऱ्याच जणांना आठवत असतील. आपल्याकडे आता व्हॉट्सअॅप ग्रुप आहे पण त्यात नंबर बदललेले, सोडून गेलेले, म्यूट केलेले. जुनी अभिप्राय वही काढा, बुकिंगची रजिस्टरं काढा, नावं लिहा आणि फोन करा. मेसेज नको, फोनच. चार जणांत वाटून घेतलं की होतं. तिशीत आलेला प्रेक्षक आता साठीत असतो हे धरून चाला, वरच्या मजल्यावर जागा असेल तर लिफ्ट चालू आहे का, जिन्याला कठडा आहे का, पुढच्या दोन रांगा हाताच्या खुर्च्यांच्या ठेवा आणि सतरंजीवर तरुण मंडळींना बसवा. फक्त सतरंजी अंथरताना बाहेर जायची वाट बुजवू नका, मागच्या दाराची कडी आतून काढलेली हवी. साडेनऊपर्यंत मोकळं केलंत तर बसने जाणाऱ्यांचे आशीर्वाद मिळतील.

तसंच सोडून गेलेल्यांना बोलवा. हो, त्यांनाही. नाटकाच्या संस्था फुटतातच, पुण्याची थिएटर अकॅडमी तरी कशी झाली, 'घाशीराम कोतवाल' या नाटकावरून वाद झाल्यावर पीडीए म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमधून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९७३ला काढली. तुमच्याकडे पण असतीलच असे तिघंचौघं ज्यांचं नाव काढलं की मीटिंगमध्ये सगळे पंख्याकडे बघतात. ज्याचं त्यांच्याशी सगळ्यात कमी भांडण झालंय त्याने फोन करायचा, आणि स्टेजवर बोलवायचं नाही, खाली बसवायचं, म्हणजे त्यांनाही अवघड नाही आणि तुम्हालाही. आले तर आले.

मग आत काय दाखवायचं? माझं मत, प्रेक्षकाला एरवी जे दिसत नाही ते. बाहेरच्या पॅसेजमध्ये प्रदर्शन लावाल तर फोटोंच्या भिंती कमी करा, वस्तू जास्त ठेवा. ट्रंक उघडा, डांबराच्या गोळ्यांचा वास येऊ दे, कपडे हँगरला हाताला लागतील असे टांगा, पुठ्ठ्याचा मुकुट मागून कसा सुतळीने आवळलाय ते मागच्या बाजूनेच ठेवा. एक तरी प्रॉम्प्टिंगची कॉपी उघडी ठेवा जिच्यात कडेला पेन्सिलीने 'उजवीकडे तीन पावलं' लिहून, खोडून 'दोन' केलंय, लाइटचे क्यू लाल पेनाने आहेत, एका पानावर कपाचा गोल डाग आहे आणि एक अख्खं स्वगत आडव्या रेषेने कापलंय. लोक त्या कापलेल्या स्वगतासमोर जास्त वेळ उभे राहतात, बघाच. अभिप्राय वहीतली पानं लावताना वाईट अभिप्रायही लावा, काहीच कळलं नाही म्हणणारेसुद्धा, फक्त खालची नावं चिकटपट्टीने झाका.

आत स्टेजवर सुरुवातीला अर्धा तास उघडी तालीम ठेवा. पाठ करून बसवलेली नाही हं, खरीच, अर्धवट बसलेला प्रवेश घ्या आणि दिग्दर्शकाला मध्ये थांबवू दे, नटाने वैतागू दे, तेच वाक्य चार वेळा होऊ दे. दिग्दर्शकाला आधी एवढंच बजावा की प्रेक्षकांकडे बघून समजावून सांगायचं नाही, तुझं काम कर. त्यानंतर लाइटवाल्याला पाच मिनिटं द्या. एक खुर्ची, एक नट, तो काही बोलणार नाही, आणि लाइट एकेक करून, समोरून, बाजूने, वरून, मागून. संस्थेच्या सगळ्या वाटचालीवर कोणी भाषण करण्यापेक्षा ही पाच मिनिटं लोक घरी जाऊन सांगतात, आणि लाइटवाल्याला आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या मिळतात ते वेगळंच. ज्याचं नाव जाहिरातीत शेवटी सूत्रधार म्हणून बारीक अक्षरात येतं त्यालाही पुढे आणा, हॉल मिळण्यापासून टेम्पोपर्यंत सगळं त्याने केलेलं असतं. तिसरी घंटा प्रेक्षकातल्या एखाद्या जुन्या जाणत्याकडून द्यायला लावा, चिठ्ठी काढा हवं तर.

मुख्य कार्यक्रमाला नवी एकांकिका किंवा जुन्याचा एक प्रवेश, दोन्ही नको. जुनं घेतलंत तर नव्या पोरांनी करायचं आणि ज्यांनी मूळ केलं होतं त्यांनी समोर बसायचं, त्यांनाच परत उभं केलं की मग मूळच्या संचातला कोण आला नाही याचीच चर्चा होते. नटराजपूजन, नारळ, जे करता ते नेहमीसारखं करा, पण तालमीच्या आधी उरकून घ्या. भाषण एकच, संस्थेच्या वतीने, तेही आभाराचं, आणि त्यात नावं वाचायची असतील तर छापून दाराशी लावा.

शेवटी गप्पा ठेवणार असाल, ठेवाच, तर माइक फिरवू नका. माइक फिरवला की तो तिसऱ्या रांगेतल्या एका काकांकडे जातो आणि 'प्रश्न नाही, फक्त दोन शब्द' असं म्हणून तिथेच मुक्काम करतो. चिठ्ठ्या द्या, पेन्सिली द्या, प्रश्न चहाच्या वेळेत गोळा करा आणि आपल्यातल्या बोलक्या माणसाला ते वाचायला बसवा. अवघड प्रश्न आधी वाचायला सांगा, तिकीट का वाढलं, नाटकं अशी दुर्बोध का, गेल्या वर्षी एकही नवं का नाही केलंत. तिथल्या तिथे उत्तर नसेल तर नाही म्हणा.

खाणं साधं ठेवा. वडा, चटणी, चहा, पुरे. फक्त चहावाल्याला सांगून ठेवा की आत प्रवेश चालू असताना स्टोव्ह आणि कपबश्या दाराजवळ नकोत, आणि कचऱ्याच्या दोन पिशव्या जास्तीच्या आणा, हॉलवाले त्यावरूनच पुढच्या वेळी हो-नाही ठरवतात.

बाहेर पडताना दाराशी एक वही ठेवा, त्यात 'आम्हाला मदत करायला आवडेल' असा रकाना, कपडे शिवणारे, गाडी असणारे, घरची गच्ची तालमीला देणारे, पोस्टर काढणारे. यात नाव लिहिणाऱ्याला आठ दिवसांत फोन गेला तरच उपयोग, महिन्याने केलात तर तो विसरलेला असतो. हे काम कोणाचं ते आधीच ठरवा, त्या रात्री सगळे दमलेले असतात आणि कोणीच हो म्हणत नाही.

सामान उतरवायला चार जण वेगळे ठेवा ज्यांना त्या दिवशी स्टेजवर काम नाही, नाहीतर नट मेकअप पुसत बसतात आणि दिग्दर्शक लोकांशी बोलत बसतो. फ्लोअरवरच्या चिकटपट्ट्यांच्या खुणा खरवडून काढा. टेम्पोवाल्याला साडेनऊ सांगू नका, दहा सांगा, तो साडेदहाला येतो. आणि डिपॉझिटची पावती कोणाच्या खिशात आहे ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा, ऑफिसची खिडकी पावतीशिवाय एक रुपया परत देत नाही.