मुलाला वरच्या इयत्तेत घालण्याआधी काय तपासावे

मूल चार-साडेचार वर्षांचे असताना अक्षरे जुळवून वाचू लागले, शंभरापर्यंत अंक न अडखळता म्हणू लागले, की घरात एक प्रश्न हमखास निघतो : याला सगळे येते, मग यंदाच पहिलीत का घालू नये, एक वर्ष तरी वाचेल. प्रश्न मायेपोटी विचारलेला असतो आणि त्यात गैर काही नाही. अडचण अशी, की त्याचे उत्तर शोधताना बहुतेक पालक मुलाला आज काय येते एवढेच पाहतात. खरे तर पाहायचे असते ते हे, की आपल्यापेक्षा वर्षा-दीड वर्षाने मोठ्या असलेल्या मुलांमध्ये हे मूल शाळेचा आख्खा दिवस कसा काढेल आणि असे दिवस पुढची दहा-बारा वर्षे कसे काढेल. घाईची किंमत निर्णय घेतल्या वर्षी फारशी दिसत नाही. पहिली-दुसरी बऱ्यापैकी पार पडते, पालक निर्धास्त होतात आणि खरा ताण चौथी-पाचवीनंतर, कधी थेट पौगंडावस्थेत वर येतो. म्हणून हा निर्णय मुलाच्या आजच्या हुशारीवरून घेऊ नये.

घाई नेमकी कोणती, ते आधी ठरवा

शाळेतली घाई तीन प्रकारांनी होते. ठरलेल्या वयाआधी मुलाला शाळेत घालणे हा पहिला प्रकार आणि मधली एखादी इयत्ता गाळून वर चढवणे हा दुसरा. तिसऱ्या प्रकारात इयत्ता वयाला साजेशीच असते, पण अभ्यास वरच्या इयत्तेचा घेतला जातो. बालवाडीतल्या मुलांकडून पानेच्या पाने लिहून घेणे हे त्याचे ठळक उदाहरण. माझ्या मते हा तिसरा प्रकार सर्वांत जास्त आढळतो आणि सर्वांत कमी लक्षात येतो, कारण कागदोपत्री सारे काही नियमानुसार असते. आपल्या मुलाच्या बाबतीत यांपैकी काय घडत आहे हे स्पष्ट झाल्याशिवाय शाळेशी बोलायला जाऊ नये.

वर्गात सर्वांत लहान असणे म्हणजे काय

एका वर्गात बारा महिन्यांच्या अंतराने जन्मलेली मुले एकत्र बसतात. सहा वर्षांच्या मुलासाठी बारा महिने म्हणजे आतापर्यंतच्या आयुष्याचा सहावा हिस्सा असतो. हे अंतर किती बोलके आहे याचा मोठा पुरावा कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातून २०१२ साली पुढे आला. तेथे शाळाप्रवेशाचे वय ३१ डिसेंबर या तारखेवरून मोजले जाते, त्यामुळे डिसेंबरमध्ये जन्मलेली मुले वर्गात सर्वांत लहान असतात. सहा ते बारा वर्षे वयाच्या सुमारे ९ लाख ३८ हजार मुलांच्या नोंदी तपासल्यावर असे दिसले, की जानेवारीत जन्मलेल्या मुलग्यांपेक्षा डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलग्यांमध्ये एडीएचडीचे, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता या विकाराचे, निदान ३० टक्क्यांनी जास्त होते. मुलींमध्ये हा फरक ७० टक्के होता. अमेरिकेतही २०१८ साली असेच चित्र दिसले. ज्या राज्यांत प्रवेशासाठी १ सप्टेंबर ही तारीख होती, तेथे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांमधील निदानाचे प्रमाण सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांपेक्षा ३४ टक्क्यांनी अधिक होते आणि जेथे ही तारीख नव्हती तेथे हा फरकही नव्हता. एखाद्या विशिष्ट महिन्यात जन्मल्यामुळे कोणाला असा विकार होत नाही. यातल्या अनेक मुलांचे चाळवणे, उठणे-बसणे त्यांच्या वयाला साजेसेच होते; त्यांची तुलना मात्र मोठ्या मुलांशी होत होती.

ही सारी मुले नियमाप्रमाणे योग्य वयात शाळेत आलेली होती, हे विशेष ध्यानात घ्यावे. वयाआधी घातलेले मूल या सर्वांत लहान मुलांहूनही लहान असते. शाळेत उशिरा गेल्याने काय होते हे डेन्मार्कमधील अभ्यासाने दाखवले : एक वर्ष उशिरा शाळा सुरू केलेल्या मुलांमध्ये लक्ष न टिकण्याची आणि चंचलतेची लक्षणे बरीच कमी आढळली आणि हा फरक वयाच्या अकराव्या वर्षीही टिकून होता.

‘उशिरा वाचायला शिकले तर मागे पडेल’ ही भीती मात्र जवळजवळ प्रत्येक पालकाच्या मनात असते. न्यूझीलंडमध्ये पाचव्या वर्षी औपचारिक वाचन शिकू लागलेल्या मुलांची आणि सातव्या वर्षी शिकू लागलेल्या मुलांची तुलना करण्यात आली. अकरा वर्षांचे होईपर्यंत दोन्ही गटांच्या वाचनक्षमतेत फरक उरला नव्हता आणि वाचलेले समजण्यात तर उशिरा शिकलेली मुले किंचित सरस होती. फिनलंडमध्ये पहिलीची शाळा सातव्या वर्षी सुरू होते आणि त्याआधी मुले खेळतात, गोष्टी ऐकतात, भरपूर बोलतात. वाचनाचा पाया त्या बोलण्या-ऐकण्यात घातला जातो.

घरी दोन आठवडे निरीक्षण करा

मुलाची परीक्षा घेऊ नका, त्याला नुसते पाहा आणि रोज रात्री दोन-तीन ओळी लिहून ठेवा. सुरुवात हातापासून करावी. मूल आपण होऊन चित्र काढायला बसते तेव्हा पेन्सिल मुठीत धरते की बोटांच्या टोकांत, रेघ बोटांनी ओढते की त्यासाठी खांद्यापासून सारा हात हलवते, चार ओळी झाल्यावर बोटांची पेरे पांढरी पडतात का, ते हात झटकते का, हे बारकाईने पाहावे. जन्मतः मनगटातील आठही लहान हाडे कूर्चेच्या स्वरूपात असतात. ती एकामागून एक कठीण होत जातात आणि शेवटच्या हाडाची पाळी साधारण नऊ ते बारा या वयात येते. बोटांचे स्नायू आणि त्यांच्यावरचे नियंत्रणही असेच टप्प्याटप्प्याने येते, सरावाच्या वह्या वाढवल्याने ते लवकर येत नाही. अक्षर उलटे काढणे, सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची गल्लत करणे, हेदेखील सहा-सात वर्षांपर्यंत सर्रास आढळते आणि एरवी त्याची काळजी करण्याचे कारण नसते. त्याच मुलाला वरच्या वर्गात बसवले, की मात्र तीच गोष्ट लाल शाईने खोडली जाते.

त्यानंतर अभ्यासाशी संबंध नसलेल्या गोष्टी पाहाव्यात. एका दमात सांगितलेली तीन कामे, म्हणजे चपला जागेवर ठेव, हात धू आणि पाण्याची बाटली घेऊन ये, ही ते क्रमाने करते का? खेळात हरल्यावर किती वेळाने सावरते? अनोळखी मोठ्या माणसाला ‘माझे पोट दुखते आहे’ किंवा ‘मला समजले नाही’ असे सांगू शकते का? स्वच्छतागृहात कोणाच्या मदतीशिवाय जाते का? आवडते काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळावे लागले तर काय करते? अस्खलित वाचणारे मूल हरल्यावर अर्धा तास जमिनीवर लोळून रडत असेल, तर त्याच्या वाचनाचे वय सात आणि भावनांचे वय चार आहे. यात मुलाचे काहीही चुकत नाही, फक्त शाळेत बसताना ही दोन्ही वये बरोबर घेऊन बसावे लागते.

पुढची वर्षे डोळ्यांसमोर आणा

हे पाऊल बहुतेक जण गाळतात, म्हणून त्यावर थोडे थांबतो. कागदावर मुलाचे वय आणि इयत्ता यांचे दोन रकाने करा, एक नेहमीच्या गतीचा आणि एक घाईचा, आणि शाळा संपेपर्यंत भरत जा. अकरा ते चौदा या वयापाशी आलात की विचार करा. मुलींमध्ये वयात येण्याच्या खुणा साधारण आठ ते तेरा आणि मुलग्यांमध्ये नऊ ते चौदा या वयात सुरू होतात, म्हणजे एकाच वर्गात आधीच चार-पाच वर्षांची तफावत असते. त्यात वर्षभराने लहान असलेला आणि उशिरा वाढणारा मुलगा गणितात पहिला आला, तरी मैदानावरच्या संघात शेवटी निवडला जातो. मोठ्या मैत्रिणींत वावरणाऱ्या लहान मुलीसमोर तिच्या समजेपलीकडचे विषय आणि दबाव येतात. शेवटच्या ओळीशी आल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात येईल : कित्येक अभ्यासक्रमांना, परीक्षांना आणि नोकऱ्यांना किमान वयाची अट असते आणि पाचव्या वर्षी वाचवलेले वर्ष तेथे नुसते वाट पाहण्यात घालवावे लागते.

विलक्षण बुद्धीच्या मुलांचे काय

येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, की खरोखर असामान्य बुद्धिमत्ता असलेल्या मुलांना विचारपूर्वक पुढे नेले तर बहुतेकांचे नुकसान होत नाही, उलट फायदाच होतो, असे संशोधन सांगते. अशा मुलाला कंटाळत बसवून ठेवणे हाही अन्यायच आहे. प्रश्न असतो तो पुढे नेण्याच्या रीतीचा. गणितज्ञ टेरेन्स टाओ लहानपणी वेगवेगळ्या विषयांसाठी वेगवेगळ्या इयत्तांत बसत असे. नवव्या वर्षी तो विद्यापीठाच्या पातळीचे गणित शिकू लागला, पण पूर्णवेळ विद्यापीठात त्याला चौदाव्या वर्षी पाठवण्यात आले. ज्या विषयात झेप होती त्यात मोकळीक मिळाली आणि बाकीच्या वाढीला वेळ मिळाला. विल्यम जेम्स सायडिस या मुलाला १९०९ साली अकराव्या वर्षी हार्वर्डमध्ये प्रवेश मिळाला आणि पुढच्याच वर्षी त्याने तेथील गणितज्ञांसमोर चतुर्मितीय आकृत्यांवर व्याख्यान दिले. वृत्तपत्रांनी त्याची पाठ सोडली नाही. मोठेपणी तो प्रसिद्धीपासून दूर राहून साध्या कारकुनी नोकऱ्या करत राहिला आणि १९४४ साली ४६व्या वर्षी वारला. एका आयुष्यावरून नियम काढता येत नाही. तरी मुलाच्या बुद्धीचा गाजावाजा करू नये एवढे तरी त्यातून घेण्यासारखे आहे.

इयत्ता गाळण्याचा विचार गंभीरपणे चालू असेल, तर आवडत्या विषयासोबत नावडत्या विषयांतही मूल वरच्या वर्गाच्या सरासरीइतके तरी आहे का, हे शिक्षकांकडून तपासून घ्यावे. मुलाची स्वतःची इच्छा नसेल तर विषय तेथेच थांबवावा. नव्या वर्गात सख्खे भावंड असेल तरीही हे टाळावे, कारण त्याचा घाव दोघांनाही बसतो. बदल वर्षाच्या सुरुवातीला करावा, चार ते सहा आठवडे तो प्रायोगिक आहे असे मुलासकट सर्वांनी आधीच ठरवावे आणि परत येण्याची वाट सन्मानाची ठेवावी.

इयत्ता तीच ठेवून भूक भागवणे

बहुतेक हुशार मुलांना वरच्या वर्गाची गरज नसते, त्यांना अधिक खोलीची गरज असते. बेरीज येऊ लागलेल्या मुलीला लगेच पुढच्या इयत्तेचे पुस्तक देण्याऐवजी एक ते दहा अंकांची बेरीज करायला सांगा. ती झाली, की कमीत कमी वेळात कशी करता येईल असे विचारा आणि गप्प बसा. एक आणि दहा, दोन आणि नऊ, तीन आणि आठ अशा अकराच्या पाच जोड्या तिच्या स्वतःच्या नजरेस पडू द्या. मग एक ते वीस, मग एक ते शंभर. शेवटी ही युक्ती दुसऱ्या मुलाला समजेल अशा शब्दांत लिहायला सांगा. या एका प्रश्नावर ती आठवडाभर रमेल, तिची इयत्ता न बदलता. विषयच खूप पुढे गेला असेल, तर फक्त त्या तासाला वरच्या वर्गात बसण्याची परवानगी वर्गशिक्षकांकडे मागता येते आणि पुष्कळदा तेवढे पुरते.

शाळेशी बोलताना तक्रारीच्या सुरात बोलू नये. मुले सलग किती वेळ बसलेली असतात, मोकळा खेळ रोज किती असतो, गृहपाठ कोणत्या वयापासून आणि किती दिला जातो, हे विचारावे. शाळाच मुलाला ‘पुढच्या वर्गात घाला’ म्हणत असेल, तर त्यामागचे कारण आणि मुलाच्या सर्व विषयांतील नोंदी मागून घ्याव्यात. दोन भेटींनंतर निर्णय घ्यावा, पहिल्या भेटीत होकार देऊ नये.

घाई आधीच झाली असेल तर

सुट्टीच्या दिवशी न दुखणारे पोट शाळेच्या दिवशी सकाळी दुखू लागणे, बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, खोडून खोडून वहीचे पान फाटणे, प्रयत्न करण्याआधीच ‘मला येत नाही’ म्हणणे, अशा खुणा महिनाभर टिकल्या तर त्या गांभीर्याने घ्याव्यात. पण सारे खापर वयावर फोडू नये. आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत, डॉक्टरांचे मत घ्यावे, अध्ययन-अक्षमतेची शंका असल्यास तज्ज्ञांकडून तपासणी करावी. त्यानंतर भार हलका करावा : शिकवण्या बंद कराव्यात, गृहपाठाला ठरावीक वेळेची मर्यादा घालावी आणि शिक्षकांना मुलाची जन्मतारीख आवर्जून सांगावी. वर्गातले सर्वांत लहान मूल कोणते, हे कित्येकदा त्यांच्याही ध्यानात आलेले नसते.

एवढ्याने भागले नाही तर एक वर्ष मागे येण्याचा विचार करावा, तोही बालवाडी किंवा पहिली-दुसरीच्या सुमारास. वरच्या इयत्तांत एकच वर्ष पुन्हा करायला लावण्याचे परिणाम बहुधा वाईट होतात, तेथे मूल आहे त्या वर्गातच ठेवून आधार वाढवणे श्रेयस्कर. मागे आणताना शक्य असेल तर शाळा बदलण्याची संधी साधावी, म्हणजे जुने सवंगडी वर गेलेले रोज दिसत नाहीत. मुलाला कारण खरे सांगावे : ‘तुला आम्ही जरा लवकर शाळेत घातले होते, आता तू तुझ्या वयाच्या मुलांबरोबर असशील.’ ‘नापास’ हा शब्द घरात कोणीही उच्चारू नये, आणि आजी-आजोबा, काका-मामा, शेजारी यांना तो निर्णय मुलाच्या आधी कळू नये, म्हणजे त्याच्यावर चुकीच्या तोंडून ती बातमी ऐकण्याची वेळ येणार नाही. तीन महिन्यांनी शिक्षकांसोबत पुन्हा बसून झोप, भूक, मित्र आणि शाळेत जातानाचा चेहरा यांबद्दल बोलावे. गुणांचा विषय त्या भेटीत काढला नाही तरी चालेल.