'डेसिमेट'चा अर्थ लावताना या चुका टाळा

इंग्रजीतून भाषांतर करणाऱ्याला 'डेसिमेट' हे क्रियापद हमखास चकवतं. मीही चकलो आहे. दुष्काळाने गुरांचे कळप 'डेसिमेट' केले, असं एक वाक्य होतं. शब्दात 'दहा' दडलेला आहे हे ठाऊक होतं, म्हणून 'दहा टक्के गुरं दगावली' असं लिहून मोकळा झालो. पुढच्याच परिच्छेदात निम्म्याहून जास्त गुरं गेल्याचा आकडा होता.

दहा मुळात आहेच. लॅटिन 'डेकेम' म्हणजे दहा, आपल्या 'दश'चा भाऊबंद. हा शब्द आला तो एका शिक्षेवरून; रोमन सैन्यात ती पळपुट्या तुकडीला होई. चिठ्ठ्या टाकायच्या, दहातला एक निघायचा आणि त्याला सोबत्यांनीच काठ्यांनी ठेचून मारायचं. उरलेल्यांना गव्हाऐवजी जव, मुक्काम छावणीच्या तटाबाहेर. स्पार्टाकसच्या नेतृत्वाखाली गुलामांनी केलेल्या बंडाच्या वेळी, इ. स. पू. 71च्या सुमारास, रोमन सेनापती क्रॅससने पळालेल्या 500 जणांचे दहा-दहाचे 50 गट केले आणि प्रत्येकातला एक मारला, असं प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लूटार्क सांगतो. मेलेला सुटला, काठी उचलणाऱ्या नऊ जणांचं काय झालं असेल, हा विचार मला सोडत नाही.

पण 'दशांश' हा अर्थ रोमन संदर्भापुरताच ठेवा. आजच्या इंग्रजीत हा शब्द समूहाचा मोठा हिस्सा नष्ट करणं या अर्थाने रुळलाय. तो वापर चुकीचा म्हणून लेखकाला सुधारायला जाऊ नका.

दुसऱ्या टोकाला जाणंही तितकंच वाईट. 'नायनाट', 'निर्वंश', 'समूळ उच्चाटन' हे शब्द इथे जास्त होतात, कारण 'डेसिमेट'मध्ये कुणीतरी उरतं. म्हणूनच इंग्रजीत लिहिताना त्याच्याआधी 'टोटली' लावू नका. नेमका आकडा हाताशी असेल, तर 'डेसिमेट'ला टक्के जोडण्यापेक्षा सरळ 'चाळीस टक्क्यांनी घटले' लिहावं.

एकट्या वस्तूलाही तो शोभत नाही. पूल कोसळतो, मोबाइल फुटतो. 'डेसिमेट' व्हायला मोजता येईल असा जमाव लागतो: सैन्य, जंगल, वस्ती, मासे.

मराठीत एकच ठरलेला प्रतिशब्द शोधू नका. साथीने गाव अर्धंअधिक रिकामं होतं, लढाईत फौजेची कत्तल होते, जंगल विरळ होतं. माझं ते वाक्य शेवटी असं झालं: 'दुष्काळानंतर कळपात मोजकीच गुरं उरली.'