टास्कबार आपल्या सोयीने लावा, आणि जाता जाता सीपीयू, रॅम, एसएसडीही ओळखून घ्या

स्क्रीनच्या तळाशी असणारी टास्कबारची पट्टी विंडोजमध्ये 1995 पासून आहे. तरीही बहुतेक जण ती जशी मिळाली तशीच वर्षानुवर्षं वापरतात. नव्या संगणकावर कंपनीने स्वतःच्या सोयीचे आयकॉन आधीच लावून ठेवलेले असतात, आणि आपल्याला रोज लागणारा प्रोग्रॅम मात्र दरवेळी शोधावा लागतो. हे बदलायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

आधी आपलं विंडोज कोणतं ते पाहा. विंडोजची कळ दाबून ठेवून आर दाबा, येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत विनव्हर (winver) टाइप करा आणि एंटर करा. खालच्या पायऱ्या विंडोज 11 च्या आहेत. 10 मध्ये जिथे फरक आहे, तिथे तसं सांगितलं आहे.

सुरुवात साफसफाईपासून करा. जो आयकॉन महिनोन्महिने उघडलेला नाही, त्यावर राइट क्लिक करून ‘अनपिन फ्रॉम टास्कबार’ निवडा. प्रोग्रॅम डिलीट होत नाही, फक्त पट्टीवरून उतरतो. मग रोजचा प्रोग्रॅम उघडा, पट्टीवर दिसणाऱ्या त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक करा आणि ‘पिन टू टास्कबार’ म्हणा.

आता क्रम लावा. आयकॉन माउसने धरून डावी-उजवीकडे सरकवता येतात, आणि हा क्रम नुसता दिसण्यापुरता नसतो. विंडोजची कळ आणि 1 दाबलं की पिन केलेल्यांपैकी पहिला प्रोग्रॅम उघडतो, 2 दाबलं की दुसरा, असं पुढे. म्हणून ब्राउझर पहिला, फोल्डर दुसरा, लिहायचा प्रोग्रॅम तिसरा असं काहीतरी ठरवा आणि मग ते बदलू नका. माझ्या मते पट्टीवर सात-आठपेक्षा जास्त आयकॉन नकोतच. त्यापुढचा क्रमांक लक्षात राहत नाही आणि हात पुन्हा माउसकडे जातो. आणखी एक उपयोगाची गोष्ट: प्रोग्रॅम चालू असताना शिफ्ट धरून त्याच्या आयकॉनवर क्लिक केलं, तर त्याचीच दुसरी नवी खिडकी उघडते.

बाकीचे बदल एकाच ठिकाणी आहेत. पट्टीच्या रिकाम्या जागी राइट क्लिक करून ‘टास्कबार सेटिंग्ज’ उघडा.

1. सर्च, टास्क व्ह्यू आणि विजेट्स यांपैकी जे वापरत नाही ते बंद करा. सर्चची लांब चौकट बरीच जागा खाते. ती लपवली तरी स्टार्ट उघडून थेट टाइप केलं की शोध होतोच.
2. ‘टास्कबार बिहेवियर्स’मध्ये ‘अलाइनमेंट’ला ‘लेफ्ट’ निवडलं, की मध्यभागी असलेले आयकॉन जुन्या सवयीप्रमाणे डावीकडे येतात. विंडोज 10 मध्ये ते डावीकडेच असतात.
3. तिथेच पट्टी आपोआप लपवण्याचा पर्याय आहे. लहान लॅपटॉपवर तो कामाचा आहे, मोठ्या मॉनिटरवर उगाच त्रास.

उजव्या कोपऱ्यातल्या बारीक चिन्हांच्या गर्दीचं नाव सिस्टिम ट्रे. तिथली नको असलेली चिन्हं बाणाच्या आत ढकलता येतात, पण यूएसबीचं चिन्ह दिसत राहू द्या. यूएसबी म्हणजे युनिव्हर्सल सिरियल बस. पेनड्राइव्ह काढण्याआधी त्या चिन्हावर क्लिक करून ‘इजेक्ट’ म्हणायचं असतं. व्हीपीएन, म्हणजे व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क वापरत असाल तर तेही बाहेरच ठेवा, म्हणजे ते चालू आहे की नाही हे दिसत राहील.

राहिलेली लघुरूपं पाठ करत बसू नका. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून ‘टास्क मॅनेजर’ उघडा आणि ‘परफॉर्मन्स’वर जा. विंडोज 10 मध्ये छोटीच खिडकी आली तर आधी ‘मोअर डिटेल्स’ दाबा. इथे ती लघुरूपं कामाला लागलेली दिसतात.

सीपीयू म्हणजे सेंट्रल प्रोसेसिंग युनिट, सगळी आकडेमोड करणारी चिप. त्याखाली ‘मेमरी’ असं जे लिहिलेलं असतं तीच रॅम, म्हणजे रँडम अ‍ॅक्सेस मेमरी. चालू कामापुरता माल मांडून ठेवायचा हा ओटा; संगणक बंद केला की तो रिकामा होतो. कायमचा साठा ‘डिस्क’मध्ये असतो, आणि ती एसएसडी आहे की एचडीडी हे तिथेच लिहिलेलं असतं. एचडीडीत तबकडी फिरते, एसएसडीत फिरणारा भागच नसतो, म्हणून ती कितीतरी वेगवान. जीपीयू चित्रं आणि व्हिडिओ सांभाळतो.

नवा संगणक घ्यायच्या विचारात असाल तर आधी हे पान पाहा. दोन-तीन खिडक्या उघड्या असतानाच मेमरी सतत नव्वद टक्क्यांच्या वर असेल, तर रॅम वाढवून काम भागू शकतं. डिस्क एचडीडी असेल आणि वारंवार शंभर टक्क्यांवर अडकत असेल, तर एसएसडी बसवून बघा.

वाय-फायवर क्लिक केलं की आयपी, म्हणजे इंटरनेट प्रोटोकॉलचा पत्ता दिसतो आणि एमबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट या हिशेबात, वेगही. इथे हमखास घोटाळा होतो. यातला बी इंग्रजीत छोटा असतो, म्हणजे बिट. ब्राउझर डाउनलोडचा वेग मोठ्या बीमध्ये दाखवतो, म्हणजे बाइट, आणि एका बाइटमध्ये 8 बिट. त्यामुळे 100 मेगाबिटच्या जोडणीवर डाउनलोड सेकंदाला जास्तीत जास्त 12.5 मेगाबाइटनेच होणार. कंपनीशी भांडण्याआधी आठाने भागून बघा.

टास्क मॅनेजर आणखी एका वेळी कामाला येतो. पट्टी कधी गोठली, क्लिकच घेईना झाली, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. ‘प्रोसेसेस’च्या यादीत ‘विंडोज एक्सप्लोरर’ शोधा, त्यावर राइट क्लिक करा आणि ‘रीस्टार्ट’ म्हणा. पट्टी क्षणभर नाहीशी होऊन परत येते. उघडे फोल्डर तेवढे बंद होतील, पण लिहीत असलेलं पत्र किंवा ब्राउझर जागेवरच राहतो.