स्नायू झिजतायत? आधी तोंडात डोकावा, आणि या चुका टाळा

खुर्चीतून उठताना हाताचा टेकू लागतो, बाटलीचं झाकण फिरत नाही, चाल मंदावली आहे. घरातले म्हणतात, वय झालं. कुणी गुडघे दाखवायला नेतं, कुणी टॉनिक आणतं. तोंड उघडून बघायचं मात्र कुणाला सुचत नाही.

दात हलू लागले किंवा कवळी टोचू लागली, तरी बरीच वयस्कर माणसं तक्रार करत नाहीत. मुकाट्याने ताटातला एकेक पदार्थ बाजूला सारतात. आधी जातं ते चावावं लागणारं: मांस, दाणे, अख्खी कडधान्यं, कच्च्या भाज्या. उरतं ते मऊ आणि पिठूळ. पोट भरतं, पण स्नायूंना लागणारी प्रथिनं कमी पडतात.

वयाबरोबर होणाऱ्या स्नायूंच्या या झिजेला ‘सार्कोपेनिया’ म्हणतात. हा शब्द अमेरिकी संशोधक इर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ साली सुचवला. योगायोग असा, की त्याच वर्षी जपानने ‘८०२०’ मोहीम सुरू केली: ८०व्या वर्षी तोंडात स्वतःचे २० दात. हे दोन धागे जुळायला पुढे बरीच वर्षं गेली. जपानच्याच काशिवा शहरात सुमारे दोन हजार वृद्धांची पाहणी झाली, ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. चावणं, गिळणं, जिभेची ताकद अशा अनेक बाबतीत ज्यांचं तोंड दुबळं झालं होतं, त्यांना पुढे सार्कोपेनिया होण्याचा धोका दुपटीच्या आसपास आढळला.

चूक: तोंड दुरुस्त न करता जेवण मऊ करणं

ही सर्वांत मोठी चूक, आणि ती प्रेमापोटी होते. ‘बाबांना चावत नाही’ म्हणून सगळं पातळ करून द्यायचं. दात काढल्यावर चार दिवस ठीक आहे. तेच वर्षभर चाललं तर जबड्याचे स्नायूही वापराविना दुबळे होतात. जीभसुद्धा स्नायूच. मग चावणं आणखी अवघड होतं, जेवण आणखी मऊ होतं, आणि हे चक्र थांबत नाही.

का चावत नाही, ते आधी शोधा. एकाच बाजूने चावतात का? थंड-गरम लागलं की थबकतात का? जेवायला बसताना कवळी काढून ठेवतात का? यातलं काही दिसलं तर दंतवैद्याकडे जा. तोवर मऊ अन्न द्यावंच लागलं, तर ते प्रथिनांचं असू द्या: अंडी, दही, पनीर, शिजवून घोटलेली डाळ, काटे काढलेला मासा. ६५ वर्षांपुढच्या निरोगी माणसाला दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, असं तज्ज्ञ सांगतात. म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला ६० ते ७२ ग्रॅम. एका अंड्यातून जेमतेम ६ ग्रॅम मिळतात, यावरून अंदाज येईल. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हा आकडा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

चूक: कवळी बसवली, काम झालं

नवी कवळी आली तरी ताट जुनंच राहतं. काही वर्षांची मऊ खायची सवय आपोआप सुटत नाही. सोडलेले पदार्थ बारीक तुकडे करून एकेक परत आणावे लागतात. पूर्ण कवळीचा चावा नैसर्गिक दातांपेक्षा पुष्कळच कमजोर असतो, हेही धरून चाला. हिरड्यांखालचं हाड झिजत जातं, त्यामुळे एकेकाळी घट्ट असलेली कवळी सैल होते. चिकटवणाऱ्या पेस्टवर वर्षं काढण्यापेक्षा ती नीट बसवून घ्या. रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवा. कवळी घालूनच झोपणाऱ्या अतिवृद्धांमध्ये न्यूमोनियाचं प्रमाण जास्त आढळलं आहे.

चूक: वजनकाट्यावर विसंबणं

स्नायू घटून त्यांची जागा चरबीने घेतली तर काटा हलतच नाही. त्यापेक्षा पोटरी बघा. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जोडून पोटरीच्या सर्वांत जाड भागाभोवती कडं करा. बोटं सहज जुळून मध्ये फट उरली, तर शंका घ्यायला जागा आहे. दुसरी चाचणी: हात छातीवर बांधून खुर्चीतून सलग पाच वेळा उठा-बसा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर आशियाई तज्ज्ञांच्या २०१९च्या निकषांनुसार तपासणी करून घ्यावी. तोल जात असेल तर शेजारी कुणीतरी हवंच.

चूक: कोरडं तोंड आणि हिरड्यांचं रक्त ‘चालायचंच’ म्हणणं

कोरडेपणामागे बरेचदा औषधं असतात: ॲलर्जीची, नैराश्याची, वारंवार लघवी होण्यावरची. ती आपल्या मनाने बंद करू नका. सगळी यादी डॉक्टरांपुढे ठेवा. हिरड्यांची जुनी सूज तोंडापुरती राहत नाही. तिच्यामुळे रक्तातले दाहाचे घटक वाढतात, आणि असा दाह स्नायूंनाही मारक ठरतो. मधुमेह असेल तर दोन्ही आजार एकमेकांना चिघळवतात.

उलटी वाटही आहे. हाताची पकड गेली की ब्रश नीट फिरत नाही, आणि दात बिघडतात. जाड मुठीचा किंवा बॅटरीवरचा ब्रश द्या. आजीला ‘नीट घासत जा’ म्हणून काही होत नाही.

घरी एक सोपा व्यायाम: ‘पा-ता-का’ हे उच्चार भराभर, स्पष्ट म्हणायचे. ओठ आणि जीभ दोन्ही कामाला लागतात. अर्थात पाय बळकट करायला चालणं आणि उठाबशाच हव्यात.

पाणी पिताना वारंवार ठसका लागणं, जेवणानंतर आवाज घोगरा-ओला येणं, सहा महिन्यांत प्रयत्नाशिवाय ५ टक्क्यांहून जास्त वजन घटणं: यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय बाजूला ठेवून डॉक्टरांना गाठा. आणि दंतवैद्याकडे गेलात, की घटलेलं वजन आणि मंदावलेली चालही सांगा. त्यांनी विचारलं नाही, तरीही.