संथ धावण्याच्या सरावात या चुका टाळा

पोलीस भरतीच्या १६०० मीटरची तयारी असो की पहिल्या अर्धमॅरेथॉनची (सुमारे २१ किलोमीटर), मराठवाड्यातील मैदानांवर एक चूक सर्रास दिसते : रोजच्या सरावाचीच शर्यत केली जाते. आठवड्यातील बहुतांश अंतर संथ गतीने धावायचे असते, हे अनेकांना कोणी सांगितलेले नसते आणि सांगितले तरी पटत नाही, कारण धाप लागल्याशिवाय सराव झाला असे आपल्याकडे मानलेच जात नाही.

संथ धावण्याने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते, स्नायूंभोवतीचे केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, पेशींमधील ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका वाढतात आणि चरबीपासून ऊर्जा मिळवण्याची क्षमता सुधारल्यामुळे स्नायूंतील मर्यादित ग्लायकोजेन (साठवलेली साखर) शर्यतीच्या उत्तरार्धासाठी शिल्लक राहते. लांब धावल्याने वेग मरतो, ही भरतीच्या उमेदवारांची भीती निराधार आहे. पाच-सहा मिनिटांच्या धावेतही बहुतांश ऊर्जा ऑक्सिजनच्या साहाय्यानेच तयार होते. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडिआर्ड ८०० मीटरच्या धावपटूंकडूनही लांब पल्ल्याचा सराव करून घेत आणि त्यांचे शिष्य पीटर स्नेल यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याच अंतराचे सुवर्णपदक जिंकले. आपल्या बीड जिल्ह्यातील मांडव्याचे अविनाश साबळे मुळात ३००० मीटर स्टीपलचेसचे, म्हणजे अडथळे ओलांडत धावण्याच्या शर्यतीचे, धावपटू. तरीही २०२० मध्ये त्यांनी दिल्लीत अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पूर्ण केली.

सर्वांत महागात पडते ती मधल्या वेगाची सवय. हा वेग संथ म्हणावा तर जास्त असतो आणि जलद म्हणावा तर कमी पडतो. त्यामुळे थकवा साचत जातो, वेगाच्या सरावाच्या दिवशी पाय उचलत नाहीत आणि दोन-तीन महिने घाम गाळूनही वेळ तिथल्या तिथेच राहते. १० किलोमीटर ६० मिनिटांत धावणाऱ्याने संथ दिवशी किलोमीटरला सात ते साडेसात मिनिटे घ्यावीत. घड्याळ नसेल तर सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलून पाहावे. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग कमी करावा, आणि चढावर चालावे लागले तरी त्यात कमीपणा मानू नये. गटाने धावताना हे पाळणे सर्वांत अवघड जाते, कारण पुढचा थोडा रेटतो आणि मागचे सगळे त्याच्यामागे ओढले जातात. संथ दिवशी गटाचा वेग सर्वांत मागच्या धावपटूने ठरवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक उन्हाळ्यातली आहे. परभणी-नांदेडकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि पहाटेही हवा पुरेशी गार नसते. त्वचा थंड ठेवण्यासाठी रक्त तिकडे वळते, घामाने शरीरातील पाणी घटते आणि हिवाळ्यातल्याच वेगाला नाडीचे ठोके कितीतरी अधिक पडतात. अशा दिवसांत किलोमीटरमागची वेळ पाहणे सोडून श्वासाकडे लक्ष द्यावे, सूर्योदयापूर्वी निघावे आणि उपवासाच्या दिवशी अंतरही कमी करावे.

नडगी किंवा टाच दुखू लागली, तर बहुधा अंतर घाईने वाढवलेले असते. दम काही आठवड्यांतच सुधारतो, परंतु हाडे आणि स्नायुबंध त्याच्या मागून, बऱ्याच सावकाश बळकट होतात, म्हणूनच दम आहे म्हणून अंतर वाढवणे अंगाशी येते. सिमेंटच्या रस्त्यापेक्षा कोरडी पांदण पायांना बरी. पावसाळ्यात मात्र काळी माती बुटांना चिकटते आणि पाय घसरतात, तेव्हा मैदानच चांगले.

केवळ संथच धावत राहणे हीसुद्धा चूकच आहे. आठवड्यातून एक-दोन दिवस वेगाचा सराव असावा आणि एखाद्या संथ धावेनंतर सुमारे २० सेकंदांच्या चार-सहा मोकळ्या, वेगवान धावा घ्याव्यात, म्हणजे पावलांची चपळता टिकते.

वेग कमी करूनही ठोके चढेच राहत असतील, तर आधी घड्याळाचा पट्टा घट्ट आहे का ते पाहावे; सैल पट्ट्यामुळे मनगटावरचा सेन्सर कधी कधी ठोक्यांऐवजी पावलांची लय मोजतो. घड्याळ ठीक असेल आणि झोपही पुरेशी होत असेल, तर रक्तातील हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. विशेषतः भरतीची तयारी करणाऱ्या मुलींनी ही तपासणी टाळू नये, कारण रक्त कमी असेल तर साध्या धावेतही धाप लागते आणि त्यावर सराव वाढवणे हा उपाय नसून डॉक्टरांच्या सल्ल्याने उपचार घेणे आवश्यक असते. धावताना छातीत दुखले किंवा भोवळ आली, तर तिथेच थांबून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.