ताटाची डावी बाजू: घरच्या घरी आपला मेंदू कसा पाहावा

"आज कोशिंबीर नाही केलीस?" बाबांनी विचारलं. कोशिंबीर ताटात होती. चटणी होती, मीठ होतं, लिंबाची फोड होती. आपल्याकडे हे सगळं ताटात डावीकडे वाढतात, आणि बाबांच्या ताटाला डावी बाजूच उरली नव्हती. आई काही न बोलता आत गेली. रात्री मला म्हणाली, "मुद्दाम करतात गं हे."

गेल्या आषाढात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. एका गुठळीमुळे मेंदूच्या उजव्या बाजूला, कानाच्या वर आणि थोडा मागे असलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटला. डावा हात लुळा पडला, तो आता बराच सुधारलाय. घरी सोडताना रुग्णालयातून हातापायांच्या व्यायामाचा कागद मिळाला. ताटाचं असं होईल हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. भाकरीचा उजवा अर्धा भाग खायचे, डावा तसाच राहायचा. दाढीही उजव्या गालाचीच करायचे. डोळे तपासले, डोळे उत्तम.

मी ठाण्यातल्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. आईला फळ्यावर काढावं तसं मेंदूचं चित्र काढून दाखवलं. तिला ते पटलं नाही, आणि तिचा प्रश्न बरोबर होता: डोळे चांगले असताना समोरची वाटी दिसत नाही, असं कसं होईल? तेव्हा ठरवलं, की बाबांच्या मेंदूचं नंतर बघू, आधी आईला तिचा स्वतःचा मेंदू दाखवायचा. खारकर आळीतल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर जे केलं, ते त्याच क्रमाने लिहिते. लागेल ते घरातच सापडतं: जुनी लग्नपत्रिका, लाल टिकली, अंबाड्याचा आकडा, ३० सेंटीमीटरची पट्टी आणि आरसा.

सुरुवात टिकलीपासून करा. पत्रिकेच्या कोऱ्या बाजूला डावीकडे पेनाने फुली काढा. तिच्या उजवीकडे, सरळ रेषेत, बरोबर ७ सेंटीमीटरवर टिकली लावा. टिकली लहान घ्या, हरभऱ्याच्या डाळीएवढी. डावा डोळा हाताने झाका आणि उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे बघा. पत्रिका हातभर लांब धरून हळूहळू जवळ आणा. चेहऱ्यापासून साधारण २५ सेंटीमीटरवर आली की टिकली नाहीशी होते. आणखी जवळ आणली की परत दिसते. पहिल्यांदा जमलं नाही तर नजर फुलीवरून टिकलीकडे सरकली असं समजा. सगळे तिथेच चुकतात.

डोळ्याच्या आतल्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या १२ कोटींहून अधिक पेशी असतात. त्यांचा निरोप घेऊन साधारण १० लाख तंतूंची जुडी मेंदूकडे निघते. ती पडद्यातून बाहेर पडते त्या जागी प्रकाश टिपणारी एकही पेशी नसते. एडम मारियोत या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६६० च्या दशकात हा अंधबिंदू शोधला. प्रत्येकाच्या प्रत्येक डोळ्यात तो असतो.

आता खरा प्रयोग. टिकलीच्या वरून खालून, तिला छेदून जाईल अशी एक जाड उभी रेघ मारा. टिकलीच्या जागी रेघ तुटलेलीच राहू दे. पुन्हा तसंच बघा. टिकली गेली की त्या जागी भोक दिसत नाही. रेघ सलग दिसते! जिथे रेघ नाही, तिथे मेंदू रेघ भरतो. डोक्याच्या अगदी मागच्या भागात दृष्टीचं काम करणाऱ्या चेतापेशी असतात, आणि त्यांतल्या कित्येक पेशी ठरावीक दिशेच्या रेघांनाच प्रतिसाद देतात. कुणी उभ्या रेघेला, कुणी तिरक्या. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी मांजरांच्या मेंदूत हे शोधून काढलं आणि १९८१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. वरून आणि खालून रेघ येतेय म्हणजे मधेही असणार, असा अंदाज मेंदू बांधतो आणि तो अंदाजच आपल्याला दिसतो.

आईने हे चार वेळा केलं. मग पत्रिका खाली ठेवून म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मला हे भोक होतं, आणि मला माहीतच नव्हतं?"

हेच तिला हवं होतं. बाबांची अडचण वेगळी आहे, हेही तिला नीट सांगितलं. अंधबिंदू डोळ्यात असतो. बाबांचं बिघडलंय ते त्याच्या पुष्कळ पुढे, कशाकडे लक्ष द्यायचं हे ठरवणाऱ्या भागात. पण दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. मेंदू उणी जागा "इथे काही नाही" अशी पाटी लावून दाखवत नाही. जे मिळालं तेवढंच पूर्ण जग म्हणून समोर ठेवतो. बाबांना अर्धं ताट दिसत नव्हतं. त्यांना एक पूर्ण ताट दिसत होतं, आणि त्यात कोशिंबीर नव्हती.

आरशाचा प्रयोग छोटा आहे. जवळून आरशात आपल्याच डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्या, मग परत डाव्या. डोळे हलताना कधीच दिसत नाहीत. शेजारी बसलेल्या माणसाला मात्र ते स्वच्छ हलताना दिसतात. नजर उडी मारते तेवढ्यापुरतं चित्र मेंदू दाबून ठेवतो.

आता आकडा. त्याची दोन टोकं साधारण ३ मिलिमीटर अंतरावर आणा. समोरच्याला डोळे मिटायला सांगा आणि दोन्ही टोकं एकाच वेळी, अलगद, तर्जनीच्या टोकाला लावा. "दोन टोचतायत," असं उत्तर येईल. तीच टोकं तेवढ्याच अंतरावर कोपराखालच्या हाताला लावा. "एक." आता अंतर वाढवत न्या. हातावर दोन टोकं वेगळी कळायला ती साधारण ४ सेंटीमीटर लांब न्यावी लागतात. पाठीवरही तसंच. मधूनमधून एकच टोक लावा, नाहीतर समोरचा अंदाजाने "दोन" म्हणत राहतो.

याचं कारण बोटाच्या कातडीत जसं आहे तसं मेंदूतही आहे. मेंदूच्या पृष्ठभागावर, एका कानापासून टाळूवरून दुसऱ्या कानापर्यंत जाणाऱ्या पट्ट्यात अख्ख्या शरीराचा नकाशा असतो. माँट्रियलमध्ये वाइल्डर पेनफिल्ड हे शल्यविशारद रुग्ण जागा असतानाच मेंदूवर शस्त्रक्रिया करत. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, म्हणून हे शक्य होतं. एकेका जागेला विजेचा सौम्य स्पर्श करून ते विचारत, कुठे जाणवलं? त्यातून हा नकाशा तयार झाला. त्यात ओठ, जीभ आणि बोटं अवाढव्य आहेत, पाठ अगदी चिमुकली. आणि डाव्या अंगाचा नकाशा उजव्या मेंदूत असतो. उजव्या मेंदूला इजा झाली की डावा हात का जातो, हे आईला इथे कळलं.

पट्टीच्या प्रयोगाला माझ्या वर्गात सगळ्यात जास्त वेळ लागतो, घरीही लागला. एकाने पट्टी वरच्या टोकाला उभी धरायची. दुसऱ्याने शून्याच्या खुणेपाशी अंगठा आणि तर्जनी उघडी ठेवायची, पट्टीला न लावता. पहिल्याने न सांगता पट्टी सोडायची, दुसऱ्याने चिमटीत पकडायची. १० सेंटीमीटरवर पकडली तर ०.१४ सेकंद लागले, १५ वर ०.१७, २० वर ०.२०, २५ वर ०.२३. बहुतेकांचं १५ ते २० च्या आसपास येतं. पाच वेळा करून सरासरी काढा. पहिला आकडा धरू नका.

सेकंदाच्या या पाचव्या भागात काय काय होतं बघा. डोळ्यातून निघालेला निरोप मेंदूच्या मधल्या एका ठाण्यात थांबून डोक्याच्या मागच्या भागात जातो. तिथे "पट्टी हलली" हे कळतं. मग तो पुढे, हालचालीचा हुकूम देणाऱ्या पट्ट्यात, तिथून पाठीच्या कण्यातून खाली आणि दंडातून बोटांच्या स्नायूंपर्यंत. एका चेतापेशीच्या आत निरोप विजेच्या लाटेसारखा धावतो. एका जागी ही लाट सेकंदाच्या हजाराव्या भागात उमटून जाते, आणि सर्वात जलद तंतूंमध्ये ती सेकंदाला १०० मीटरपर्यंतही पळते. पण एका पेशीपासून दुसरीपर्यंत वीज सहसा सरळ उडी मारत नाही. दोघींमध्ये सूक्ष्म फट असते. लाट टोकाला पोचली की तिथून रसायनाचे थेंब सुटतात, फट ओलांडून पलीकडच्या पेशीला चिकटतात, आणि पुढची पेशी असे हजारो निरोप एकत्र जोखून ठरवते, की पुढे कळवायचं की गप्प राहायचं.

ही फट आहे, पेशी एकमेकींना जोडलेल्या नाहीत, हे स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली वर्षानुवर्षं चित्रं काढत मांडलं. पेशी रंगवण्याची पद्धत इटलीच्या कामिल्लो गॉल्जी यांची होती, आणि गॉल्जींचं मत नेमकं उलटं होतं: सगळं एक सलग जाळं आहे. १९०६ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं. त्या समारंभातल्या भाषणातही गॉल्जी आपल्या मतावर ठाम राहिले. काहाल यांचं बरोबर ठरलं. मुलांना हे सांगताना मला दर वर्षी नव्याने आनंद होतो. दोघंही त्याच काळ्या रेषा बघत होते, आणि प्रत्येकाला वेगळी वस्तू दिसत होती.

पट्टी पुन्हा एकदा पकडा, पण या वेळी तोंडाने एकोणतिसाचा पाढा म्हणत. बोटं उशिरा मिटतात. पाढ्यासाठी आणि पट्टीसाठी लक्ष एकच आहे, आणि कपाळामागच्या भागाला ते वाटून द्यावं लागतं. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत, त्यांतल्या जवळजवळ ६९ अब्ज मानेच्या वरच्या लहान मेंदूत. एवढ्या असूनही एका वेळी जाणीवपूर्वक लक्ष मोजक्याच गोष्टींकडे जातं.

हे लक्षच बाबांचं एका बाजूने गळालं होतं. डॉक्टर याला नेग्लेक्ट म्हणतात. उजवा मेंदू दोन्ही बाजूंकडे लक्ष ठेवतो आणि डावा मुख्यतः उजवीकडे, असं साधारणपणे मानलं जातं. म्हणून उजव्याला इजा झाली की डाव्या बाजूचा राखणदारच जातो. घरी तपासायचं असेल तर कोऱ्या कागदावर २० सेंटीमीटरची आडवी रेघ मारून द्या आणि मोजमाप न करता मध्यावर खूण करायला सांगा. माझ्या वर्गातली मुलं बहुधा मध्याच्या किंचित डावीकडे खूण करतात, निरोगी माणसांमध्ये हे नेहमीचंच आहे. बाबांनी खूण केली ती उजव्या टोकापासून ५ सेंटीमीटरवर. घड्याळ काढायला सांगितलं तेव्हा सगळे आकडे उजव्या अर्ध्यात दाटीने बसवले.

शेवटचा प्रयोग तलावपाळीचा, म्हणजे ठाण्यातल्या तलावाच्या काठचा. मिलानमध्ये एदोआर्दो बिझियाक आणि क्लाउदिओ लुझ्झाती यांनी १९७८ मध्ये असाच त्रास असलेल्या दोघा रुग्णांना, शहरातल्या कॅथीड्रलसमोरचा चौक डोळ्यांपुढे आणायला सांगितला होता. एकदा कॅथीड्रलकडे तोंड करून, एकदा कॅथीड्रलच्या पायऱ्यांवरून उलट बघत. दोन्ही वेळा त्यांनी मुख्यतः उजव्या हाताच्याच इमारती सांगितल्या. मी बाबांना म्हटलं, "तुम्ही गडकरी रंगायतनमधून नाटक बघून बाहेर आलात, तोंड तलावाकडे. काय काय दिसतंय?" त्यांनी दुकानं, वळणं, बसायचे कट्टे भराभर सांगितले, सगळे उजव्या हाताचे. मग म्हटलं, "आता समोरच्या काठावर जा आणि रंगायतनकडे तोंड करा." मघाशी गाळलेली सगळी बाजू त्यांनी नावानिशी सांगितली, आणि मघाशी सांगितलेली गाळली.

आई दारात उभी राहून ऐकत होती. इथे डोळ्यांचा काही संबंधच नव्हता, ते गादीवर बसून आठवत होते. आठवण शाबूत होती, पण डावीकडे वळून बघणारं कुणी नव्हतं. "मुद्दाम करतात" हे त्यानंतर तिने पुन्हा म्हटलं नाही.

घरात असं कुणी असेल तर आमच्या थेरपिस्ट ताईंनी सांगितलेलं, आणि आम्ही केलेलं, लिहिते. ताटाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावली. जेवायच्या आधी "पट्टी शोधा" एवढंच म्हणायचं, वाटी कुठे आहे ते सांगायचं नाही. वर्तमानपत्राच्या डाव्या समासावर तशीच लाल रेघ. हाक मारताना आधी उजवीकडून, त्यांनी बघितलं की बोलत बोलत डावीकडे सरकायचं. रस्ता ओलांडताना सोबत कुणीतरी हवंच, कारण डावीकडून येणारी रिक्षा त्यांच्यासाठी नसतेच. आणि रागवायचं नाही. अनेकांचं पहिल्या काही महिन्यांत सुधारतं, पण प्रत्येकाचं सारखं नाही.

आणखी एक, जे कुणीही वाचत असाल त्यांच्यासाठी. तोंड एका बाजूला ओघळलं, एक हात उचलता येईना किंवा बोलणं अडखळलं, तर सकाळपर्यंत थांबू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि तेही स्कॅन झाल्यावर.

दिवाळीनंतरची गोष्ट. आईने ताट मांडलं, पट्टीची आठवण करायला विसरली. बाबा भाकरी मोडता मोडता थांबले. उजव्या हाताचं बोट ताटाच्या काठावरून फिरवत फिरवत लाल पट्टीपर्यंत नेलं, तिथून आत आले आणि लिंबाच्या फोडीला बोट लागलं. "लिंबू आहे की," म्हणाले, आणि वरणभातावर पिळलं.

दुसऱ्या दिवशी आईने लिंबू आणखी बोटभर डावीकडे ठेवलं.