ॲम्बॅसडरच्या इनटेक मॅनिफोल्डचे पॅकिंग हवाबंद कसे बसवावे

पावसाळाभर झाकून ठेवलेली जुनी ॲम्बॅसडर चतुर्थी-दसऱ्याच्या सुमारास बाहेर काढली, की अनेकदा एकच लक्षण दिसते. गाडी चोर्ला घाट निमूट चढते, पण उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच सायलेन्सरमधून फटफट आवाज येतात आणि गोव्यातल्या साखळी गावाच्या बाजारात पोहोचेपर्यंत इंजिन आयडलवर थरथरू लागते. कार्ब्युरेटर उघडण्याआधी अशा वेळी इनटेक मॅनिफोल्डचे, म्हणजे कार्ब्युरेटरमधून इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळीचे, पॅकिंग (सांध्यातील गॅस्केट) तपासावे. थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) बंद असताना मॅनिफोल्डमधील निर्वात सर्वाधिक असतो, त्यामुळे सांध्यातील फटीतून जादा हवा आत खेचली जाते आणि हवा-पेट्रोलचे मिश्रण विरळ होते. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर निर्वात जवळजवळ उरत नाही, म्हणून चढावर दोष जाणवत नाही. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे मिश्रण मुळातच किंचित विरळ होत असल्याने पूर्वी खपून जाणारी गळतीही आता लगेच उघडी पडते.

पुढील माहिती 1489 सीसीच्या, बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज घराण्यातील पेट्रोल इंजिनापुरती आहे. नंतरच्या 1800 सीसी इसुझु इंजिनाला ती लागू नाही.

गळती कुठे आहे ते आधी ठरवावे

या इंजिनाच्या हेडमध्ये (सिलिंडरांवरच्या झाकणात) इनटेकची दोनच तोंडे असतात. एक तोंड 1 आणि 2 क्रमांकाच्या सिलिंडरांना मिश्रण पुरवते, दुसरे 3 आणि 4 ला. त्यामुळे चारही स्पार्क प्लग काढून क्रमाने मांडले, की बरेच काही कळते. शेजारचे दोन प्लग पांढरट आणि उरलेले दोन तपकिरी असतील, तर त्या बाजूच्या तोंडाचे पॅकिंग गेले आहे असे समजावे. चारही पांढरट असतील, तर संशय कार्ब्युरेटरखालच्या पॅकिंगवर घ्यावा. व्हॅक्यूम गेज (निर्वात मोजणारे मापक) जोडता येत असेल तर उत्तमच. समुद्रसपाटीजवळ निरोगी इंजिन आयडलवर पाऱ्याचे साधारण 17 ते 21 इंच दाखवते, आणि पणजी-मडगावसारख्या ठिकाणी उंचीची वजावट न करता हाच आकडा धरता येतो.

कार्ब क्लीनरचा फवारा मारून गळती शोधण्याची पद्धत या इंजिनावर वापरू नये, कारण तापलेले एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (जळालेला वायू बाहेर नेणारी नळी) सांध्याला अगदी लागून असते आणि फवारा भडकू शकतो. थंड इंजिन सुरू करून, चोक आत ढकलता येईल इतपतच चालू द्यावे आणि सांध्यावर पाण्याचा बारीक फवारा मारावा. आवाज क्षणभर बदलला, तर फट तिथेच आहे. तापलेल्या बिडावर मात्र गार पाणी टाकू नये, ते तडकते.

उघडणे

इथल्या खाऱ्या, दमट हवेत स्टड (हेडमध्ये रोवलेले आट्यांचे दांडे) आणि नट एकमेकांत गंजून बसलेले असतात. आदल्या रात्रीच त्यांवर गंज सोडवणारे तेल सोडून ठेवावे. दुसऱ्या दिवशी बॅटरीची तार काढावी, पेट्रोलची नळी काढून तिचे तोंड बंद करावे आणि एअर क्लीनर, चोक व ॲक्सिलरेटरची जोडणी व कार्ब्युरेटर उतरवावे. मग एक्झॉस्ट पाइपचा सांधा सोडवावा. नट अडला तर पान्याला नळी लावून जोर देण्याऐवजी तो थोडा घट्ट, थोडा सैल असा पुढेमागे हलवत काढावा, कारण हेडमध्ये तुटलेला स्टड काढणे हे पॅकिंग बदलण्यापेक्षा कितीतरी मोठे काम आहे.

दोन्ही पृष्ठभाग

खरे काम इथे आहे, आणि घाई होते तीही इथेच. इनटेक आणि एक्झॉस्ट ही दोन्ही मॅनिफोल्डे हेडच्या एकाच बाजूला, एकाच पॅकिंगवर बसतात, आणि मधल्या स्टडवरचा प्रत्येक जाड वॉशर अर्धा एका फ्लॅन्जवर (मॅनिफोल्डच्या तोंडाची चपटी कड) व अर्धा दुसऱ्या फ्लॅन्जवर टेकतो. एक फ्लॅन्ज दुसऱ्यापेक्षा पातळ असेल, तर वॉशर तिरका होतो, सगळा दाब जाड फ्लॅन्जवर पडतो आणि पातळ बाजू कितीही नवे पॅकिंग घातले तरी हवा खेचतच राहते. वारंवार पॅकिंग बदलूनही गळती थांबत नसेल, तर कारण बहुधा हेच असते.

म्हणून आधी हेडच्या तोंडांत स्वच्छ कापडाचे बोळे घालून जुने पॅकिंग खरवडून काढावे. जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ते पाण्याने भिजवून, तोंडाला मास्क लावून काढावे आणि ड्रिलवरचा तारेचा ब्रश वापरू नये. मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचे असेल तर पोलादी पातीऐवजी पितळी किंवा कडक प्लॅस्टिकची पाती घ्यावी.

नंतर सरळ धारेची पोलादी पट्टी फ्लॅन्जवर आडवी आणि तिरकी ठेवून खाली फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचे मापक) सरकवून पाहावे. 0.1 मिलिमीटरची पाती सहज जात असेल, तर पृष्ठभाग वाकलेला आहे. वॉशर जिथे टेकतो त्या जागी दोन्ही फ्लॅन्जची जाडी व्हर्नियर कॅलिपरने मोजावी. फरक आढळल्यास, म्हापसा, फोंडा, मडगाव भागात सिलिंडर हेड घासून देणारी जी कार्यशाळा सोयीची असेल, तिथे दोन्ही मॅनिफोल्डे एकत्र न्यावीत आणि जाडी समान करून घ्यावी. हा खर्च टाळून सिलिकॉनचा जाड थर देण्याचा मोह अनेकांना होतो. साधे सिलिकॉन पेट्रोलने फुगते, एक्झॉस्टच्या बाजूला जळते आणि आत पिळून गेलेला तुकडा व्हॉल्व्हपर्यंत पोहोचू शकतो, त्यामुळे या सांध्यात त्याला जागा नाही.

बसवणे

नवे पॅकिंग आधी कोरडेच स्टडवर चढवून त्याची भोके हेडच्या तोंडांशी नीट जुळतात का ते पाहावे. एका बाजूला धातूचा पत्रा असेल, तर ती बाजू सहसा मॅनिफोल्डकडे ठेवतात. तापून लांबी वाढणारे मॅनिफोल्ड पत्र्यावर सरकू शकते आणि पॅकिंग फाटत नाही. मॅनिफोल्डे मधोमध एकमेकांना बोल्टने जोडलेली असतील, तर ते बोल्ट आधी सैल ठेवावेत व हेडवरचे नट हलके टेकल्यानंतरच आवळावेत. उलटे केल्यास दोन्ही फ्लॅन्ज एका पातळीत येत नाहीत.

स्टडच्या आट्यांवर उष्णता सोसणारे अँटी-सीझ (नट जाम होऊ न देणारे) ग्रीस लावावे आणि शक्यतो पितळी नट वापरावेत. आटे इंची असतात. 5/16 इंच म्हणजे 7.94 मिलिमीटर, त्यामुळे 8 मिलिमीटरचा मेट्रिक नट हाताने एक-दोन फेरे चढतो आणि मग आटे खातो. दुकानातून नट घेताना जुना नमुना बरोबर न्यावा.

नट मधून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत आवळावेत. शेवटचा टॉर्क (आवळण्याचा जोर) साधारण 15 फूट-पाउंड, म्हणजे सुमारे 2 किलोग्रॅम-मीटर, पुरेसा आहे. जास्त जोराने गळती थांबत नाही, फ्लॅन्ज वाकतो.

यानंतर इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवावे, पूर्ण थंड होऊ द्यावे आणि नट त्याच क्रमाने पुन्हा तपासावेत. आयडल आणि मिश्रणाची जुळणी नव्याने करावी, कारण आधीची जुळणी गळती झाकण्यासाठी केलेली असते आणि तशीच ठेवली तर प्लग आता काळे पडतील. साधारण 100 किलोमीटरनंतर, इंजिन थंड असताना, एकदा अखेरचा पाना लावावा आणि चारही प्लगचा रंग पुन्हा जुळवून पाहावा.